दुभत्या गाईचा आहार मापून कसा द्यायचा: नव्या गोठेवाल्यांसाठी हिशेबाची रीत

नवा गोठा करणारं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पेंड कुठली घालता?" कुठली ते सगळे विचारतात, किती ते फारसं कुणी विचारत नाही. सुरुवातीला मीही असाच होतो. ६ गाई होत्या. १६ लिटरवालीला एक घमेलं आणि ६ लिटरवर आलेलीलाही तेच घमेलं. पहिली आटत चालली, पाठीचा कणा दिसायला लागला, दोनदा भरवूनही उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. दुसरीच्या अंगावर मात्र चरबी चढत होती. पेंडीचं बिल दर महिन्याला तेवढंच. गोठ्यात खुराक (पेंड, भरडा, भुसा) कमी नव्हताच, तो चुकीच्या दावणीत पडत होता. हे कळलं ते वही घेऊन बसलो तेव्हा.

तो हिशेब इथे पायरीपायरीने मांडतो. बेरीज, गुणाकार आणि भागाकार येत असेल तर तुम्हाला तो जमेल. उदाहरण आपल्याकडे सर्रास दिसते त्या होल्स्टिन संकरित गाईचं घेतो: तिसऱ्या वेताची, दिवसाला १२ लिटर दूध, फॅट ३.५ टक्के.

आधी काटा आणा

५० किलोचा एक ताणकाटा गोठ्याच्या आढ्याला टांगा. त्याशिवाय पुढचं काहीच करता येणार नाही. वैरणीची पाटी, कडब्याची पेंढी, पेंडीचा डबा, सगळं एकदा तोलून वहीत लिहून ठेवा. डबा तोच असला तरी आतल्या मालाचं वजन बदलतं. आमच्याकडच्या ५ लिटरच्या डब्यात गहू भुसा जेमतेम सव्वा किलो बसतो आणि मक्याचा भरडा ३ किलोच्या घरात जातो. "दोन डबे देतो" हे सांगून गाईला काय मिळालं ते कळत नाही.

भुसा या शब्दापाशी थोडं थांबा. पेंडीच्या दुकानात गहू भुसा म्हणजे पिठाच्या गिरणीतून निघालेला कोंडा. शेतावर मळणीनंतर उरतं ते गव्हाचं काड, त्यालाही काही भागांत भुसाच म्हणतात. एकात प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास असतात, दुसऱ्यात ३. फोनवर माल मागवताना हा घोळ झालेला मी पाहिला आहे, म्हणून कोंडा हवा की काड ते स्पष्ट सांगत जा. या लेखात गहू भुसा म्हणजे कोंडा.

गाईचं वजन फितीने काढा

गाय वजनकाट्यावर चढवणं सगळ्यांना शक्य नसतं. शिंप्याची फीत पुरते. गाय सपाट जागी चारही पाय सरळ टेकून उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, फीत घट्ट आवळू नका. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं इंचात.

घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं.

आपल्या गाईचा घेर ६८ इंच आणि लांबी ५८ इंच भरली. ६८ × ६८ = ४,६२४. त्याला ५८ ने गुणलं की २,६८,१९२. भागिले ६६० केलं की ४०६. ती ४०० किलोची धरू. पाच-दहा किलोंच्या फरकाने हिशेब बिघडत नाही. मापं मात्र सकाळी वैरणीआधी घ्या, कारण पोट भरलेलं असलं की घेर फुगतो.

तीन आकडे कळले की पुरे

पहिला शुष्क पदार्थ. वैरणीतलं पाणी वजा केलं की जे उरतं ते. २० किलो हिरवं नेपिअर गवत म्हणजे खरं तर ४ किलो चारा आणि १६ किलो पाणी. गाईचं पोट किती भरणार हे शुष्क पदार्थावर ठरतं. देशी गाय वजनाच्या २ ते २.५ टक्के शुष्क पदार्थ खाते. संकरित गाय आणि म्हैस २.५ ते ३ टक्के खातात.

दुसरा प्रथिनं. पेंडीच्या पोत्यावर "क्रूड प्रोटीन" म्हणून छापलेलं असतं ते. दूध, मांस, गर्भ, सगळं त्यावर उभं राहतं.

तिसरा ऊर्जा. ती आपण टीडीएनमध्ये मोजतो, म्हणजे एकूण पचणारी पोषकद्रव्यं. चाऱ्याच्या १ किलो शुष्क पदार्थातून अर्धा किलो पचलं तर त्याचा टीडीएन ५० टक्के.

नव्या माणसाचं लक्ष बहुतेक वेळा प्रथिनांवर असतं, कारण पोत्यावर तोच आकडा ठळक असतो. पण आपल्याकडच्या गोठ्यांत मला ऊर्जेची उपासमारही तितकीच दिसते, विशेषतः गाय व्याल्यानंतरच्या दोन महिन्यांत. प्रथिनं भरपूर आणि ऊर्जा कमी असेल तर गाय महागडी प्रथिनं जाळून ऊर्जा मिळवते.

गाईला किती लागतं

गरजेचे दोन भाग असतात. एक स्वतःचं शरीर चालवण्यासाठीचा, दुसरा दुधासाठीचा.

४०० किलोच्या गाईला नुसतं जगायला दिवसाला ३.१ किलो टीडीएन आणि ३२० ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन ५० किलोंनी वाढलं तर त्यात ३०० ग्रॅम टीडीएन आणि २५ ग्रॅम प्रथिनं मिळवा. पहिल्या वेताची गाय अजून वाढीला लागलेली असते, म्हणून या जगण्याच्या भागात २० टक्के वाढवायचे, दुसऱ्या वेताला १० टक्के. आपली गाय तिसऱ्या वेताची आहे, तिला वाढीव काही नको.

३.५ फॅटच्या दर लिटर दुधामागे ३०० ग्रॅम टीडीएन आणि ८५ ग्रॅम प्रथिनं. फॅट ४ असेल तर ३२० आणि ९०.

टीडीएन: ३.१ + (१२ × ०.३) = ६.७ किलो.
प्रथिनं: ३२० + (१२ × ८५) = १,३४० ग्रॅम.
शुष्क पदार्थ: ४०० चे ३ टक्के = जास्तीत जास्त १२ किलो.

या तीन ओळी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून चौकट करा. १२ किलोंच्या पोटात ६.७ किलो ऊर्जा आणि १,३४० ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत. पुढचं सगळं त्यासाठीच.

कोणत्या मालात काय आहे

खालचे आकडे १ किलो मालाचे, जसा आपण गव्हाणीत टाकतो तसा, पाण्यासकट. आधी शुष्क पदार्थ, मग प्रथिनं, मग टीडीएन, सगळं ग्रॅममध्ये.

संकरित नेपिअर, ४५ ते ५० दिवसांचं: २००, १६, ११०
लसूण घास, फुलोऱ्याच्या सुरुवातीला: २००, ४०, १२०
मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा मका): ३००, २४, १९०
उसाचं वाढं (शेंड्याचा पाला): ३००, १५, १४५
ज्वारीचा कडबा: ९००, ३६, ४५०
मक्याचा भरडा: ९००, ८०, ७४०
गहू भुसा: ९००, १३०, ६१०
सरकी पेंड, टरफलासकट: ९००, २००, ६३०
शेंगदाणा पेंड: ९२०, ४००, ६९०
गोळी पेंड (कारखान्यात तयार होणारा मिश्र खुराक), २० टक्के प्रथिनांची: ९००, १८०, ६००

हे सरासरी आकडे आहेत. चारा कधी कापला यावर ते फार हलतात. नेपिअर ५० दिवसांवर कापलं तर पान जास्त असतं. ८० दिवसांनी कापलं की हाती बांबू येतो, प्रथिनं निम्म्याला येतात आणि गाय दांडे गव्हाणीत ठेवून देते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत लावा की उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेचं बीएनएच १०, कापणीची वेळ चुकली तर वाणाचं सगळं कौतुक वाया जातं.

हिरव्या चाऱ्यातलं पाणी घरच्या घरी तपासता येतं. १ किलो कुट्टी (बारीक कापलेला चारा) तोलून घ्या, पत्र्यावर पातळ पसरा, कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा, रोज तोला. वजन उतरायचं थांबलं की तो शुष्क पदार्थ, थोडी हवेतली ओल धरून. मी एकदा जुलैत आणि एकदा फेब्रुवारीत हे करून पाहिलं. त्याच शेतातलं नेपिअर पावसाळ्यात १६० ग्रॅम उरलं आणि हिवाळ्याच्या शेवटी २४०. पावसाळ्यात गव्हाण भरलेली असूनही दूध का उतरतं ते त्या पत्र्यावर दिसलं. गाय पाणीच खात होती.

आता मांडणी

सुरुवात वैरणीपासून करायची, पेंडीपासून नाही. मोठा नियम असा की शुष्क पदार्थाचा दोन तृतीयांश भाग वैरणीतून आणि एक तृतीयांश खुराकातून यावा. १२ किलोंपैकी साधारण ८ किलो वैरण.

समजा आपल्याकडे नेपिअर आहे, थोडा लसूण घास आहे आणि कडबा आहे.

नेपिअर २० किलो: शुष्क ४ किलो, प्रथिनं ३२० ग्रॅम, टीडीएन २.२ किलो.
लसूण घास ५ किलो: शुष्क १ किलो, प्रथिनं २०० ग्रॅम, टीडीएन ०.६ किलो.
कडबा ३ किलो: शुष्क २.७ किलो, प्रथिनं १०८ ग्रॅम, टीडीएन १.३५ किलो.

बेरीज: शुष्क ७.७ किलो, प्रथिनं ६२८ ग्रॅम, टीडीएन ४.१५ किलो.

५ किलो लसूण घासाने २०० ग्रॅम प्रथिनं आणली, म्हणजे १ किलो सरकी पेंडीइतकी. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे त्याने पाच-दहा गुंठे लसूण घास लावावाच, असं माझं ठाम मत आहे. राहुरीचं आरएल ८८ हे बहुवर्षायू वाण आपल्याकडे चांगलं येतं. फक्त उपाशीपोटी कोवळा घास एकदम घालू नका, पोट फुगतं. कडब्यात मिसळून द्या.

आता गरजेतून वैरण वजा करा.

प्रथिनं: १,३४० – ६२८ = ७१२ ग्रॅम.
टीडीएन: ६.७ – ४.१५ = २.५५ किलो.
पोटात उरलेली जागा: १२ – ७.७ = ४.३ किलो.

एवढं आता खुराकातून द्यायचं. गोळी पेंड ४ किलो घातली तर प्रथिनं ७२० ग्रॅम, टीडीएन २.४ किलो, शुष्क ३.६ किलो. प्रथिनं भागली, ऊर्जा दीडशे ग्रॅम कमी पडली. त्यासाठी पाव किलो मक्याचा भरडा, म्हणजे १८५ ग्रॅम टीडीएन. एकूण शुष्क पदार्थ साडेअकरा किलोच्या आसपास, १२ च्या आत. हिशेब जुळला.

आता मुरघास असेल तर काय, लसूण घास नसेल तर काय, हे याच रीतीने स्वतः करून पाहा. लसूण घास काढून त्याजागी ५ किलो नेपिअर वाढवलं तर प्रथिनं १२० ग्रॅमने घटतात, आणि ती भरायला ३०० ग्रॅम शेंगदाणा पेंड लागते. असा खेळ वहीत चार-पाचदा केला की आकडे तोंडपाठ होतात.

पेंड घरी बनवायची असेल तर

आपल्याला ४ किलो खुराकात सुमारे ७१२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे किलोमागे १८० ग्रॅम. घरी दोन प्रकारचा माल असतो, एक ऊर्जेचा आणि एक प्रथिनांचा. दोन्ही किती घ्यायचे हे काढायला चौकोनाची रीत आहे.

मक्याचा भरडा आणि गहू भुसा निम्मे निम्मे घेतले तर त्या मिश्रणात किलोमागे १०५ ग्रॅम प्रथिनं (८० आणि १३० ची सरासरी). शेंगदाणा पेंडीत ४००. कागदावर चौकोन काढा. डावीकडे वर १०५, खाली ४००, मधोमध हवा तो आकडा १८०. आता तिरकी वजाबाकी करा, मोठ्यातून लहान. ४०० – १८० = २२०, हा भरडा-भुशाचा भाग. १८० – १०५ = ७५, हा शेंगदाणा पेंडीचा भाग. एकूण भाग २९५. २२० भागिले २९५ म्हणजे शेकडा ७५, आणि ७५ भागिले २९५ म्हणजे शेकडा २५.

खनिज मिश्रण आणि मिठाला जागा ठेवून १०० किलोचं मिश्रण असं बसतं: मक्याचा भरडा ३६ किलो, गहू भुसा ३६ किलो, शेंगदाणा पेंड २५ किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो. उलटा ताळा घ्या. किलोमागे प्रथिनं १७६ ग्रॅम, टीडीएन ६६० ग्रॅम. ४ किलोंत ७०४ ग्रॅम प्रथिनं आणि २.६४ किलो टीडीएन. प्रथिनं ८ ग्रॅमने कमी पडतात, त्याची काळजी करू नका. गव्हाणीतल्या सांडलवंडीत याहून जास्त जातं.

मिसळायला आधी मीठ आणि खनिज मिश्रण ४-५ किलो भुशात नीट कालवून घ्या, मग बाकीच्या ढिगावर पसरा आणि फावड्याने तीनदा उलटा. खनिज मिश्रण तसंच ढिगावर टाकलं तर ते तळाला बसतं. मग एका गाईला सगळं मिळतं, दुसरीला काहीच नाही.

शेंगदाणा पेंड घेताना वास घ्या, मोडून आत पाहा. पावसाळ्यात तिला बुरशी लवकर लागते आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधातही उतरतं. बुरशीचा माल वाळवून, उकडून चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विष त्याने जात नाही. एकाच पेंडीवर सगळा भार टाकण्यापेक्षा निम्म्या प्रथिनांसाठी सरकी पेंड किंवा सोयाबीनची ढेप घेतलेली बरी.

स्वस्त काय ते किलोच्या दराने ठरत नाही

दुकानात उभं राहून आपण पोत्याचे दर तोलतो. तोलायला हवा तो प्रथिनाचा दर. समजा सरकी पेंड ३६ रुपये किलो आणि शेंगदाणा पेंड ५० रुपये किलो. सरकीत किलोला २०० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १ किलो प्रथिनाला १८० रुपये. शेंगदाणा पेंडीत ४०० ग्रॅम, म्हणजे १२५ रुपये. महाग दिसणारी पेंड स्वस्त पडली. पुढच्या महिन्यात दर फिरले की उत्तरही फिरेल, म्हणून भागाकार दर वेळी नव्याने करा. ऊर्जेचा दरही असाच टीडीएनने भागून काढायचा. तिथे बहुधा मका आणि गहू भुसा यांच्यात लढत असते.

मुरघासाला हाच भागाकार लावून पाहा. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात हिरवं मिळत नाही त्यांना तो का परवडतो ते कळेल.

हिशेबात न दिसणाऱ्या गोष्टी

बदल हळूहळू करा. हे मी नुकसान सोसून शिकलो. एक गाय व्याली, दूध पटकन चढावं म्हणून तिसऱ्याच दिवशी मी तिला ५ किलो भरडा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दावणीला मान टाकून उभी. रवंथ बंद, शेण पिवळट आणि पळीने वाढावं इतकं पातळ, त्यात मक्याचे अख्खे कण. पोटात आम्लता वाढली होती. डॉक्टरांनी वाचवलं, पण ते वेत दुधाला कधीच चढलं नाही. कोठीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू जुन्या खाण्याला सरावलेले असतात, त्यांना नव्याची सवय व्हायला १० ते १५ दिवस लागतात. व्यालेल्या गाईचा खुराक दोन-तीन दिवसांआड अर्धा किलोने चढवा, आणि दिवसाचा खुराक दोन नव्हे तर तीन-चार वेळा वाटून द्या.

कुट्टी फार बारीक करू नका. इंचभर तुकडे ठीक. पीठच केलं तर गाय रवंथ करत नाही, लाळ कमी सुटते, फॅट पडते. फॅट ३ च्या खाली गेली की बहुतेक लोक सरकी पेंड वाढवतात. मी आधी कडबा वाढवून पाहतो.

वाढ्यांवर गोठा चालवणारे आमच्या ऊसपट्ट्यात खूप आहेत. पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झलेट नावाचं आम्ल शरीरातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकतं. मका, भुसा, पेंड यांत फॉस्फरस बरा असतो, कॅल्शियम अगदी थोडं. १२ लिटर देणाऱ्या गाईला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. वाढे घालायचेच असतील तर निम्म्याहून जास्त वैरण त्यांची नको, आणि खनिज मिश्रण एक दिवसही चुकवू नका. वरच्या घरच्या पेंडीच्या ४ किलोंत ते ८० ग्रॅम जातं. गोळी पेंड घालत असाल तर ५० ग्रॅम वेगळं द्या.

कोवळी ज्वारी, किंवा पाण्याचा ताण पडून सुकलेली आणि मग पावसाने फुटलेली ज्वारी, घालू नका. तिचे पोंगे (कोवळे कोंब) खाऊन जनावराला किराळ, म्हणजे ज्वारीतल्या विषाची बाधा, लागली की डॉक्टर येईपर्यंत वेळ उरत नाही. फुलोऱ्यानंतर ती धोक्याची राहत नाही.

दुष्काळात फक्त काडच उरलं असेल तर युरिया प्रक्रिया करा. १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवून दाबायचं, प्लास्टिकने २१ दिवस हवाबंद ठेवायचं. उघडल्यावर तासभर वारा लागू द्यायचा, मग घालायचं. ३ टक्क्यांचं काड ७ टक्क्यांच्या आसपास जातं. ६ महिन्यांखालच्या वासरांना हे द्यायचं नाही. विरघळलेलं युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये. ते विषच आहे.

आणि पाणी. या गाईला दिवसाला ६० ते ८० लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दोन वेळा बादली दाखवून ते भागत नाही. हौद कायम भरलेला ठेवा.

म्हैस आणि भाकड गाय

म्हशीच्या दुधात फॅट जास्त असते, म्हणून लिटरचा हिशेब थेट लावता येत नाही. दूध ४ फॅटच्या मापात बदलून घ्या: दुधाचे किलो गुणिले ०.४, अधिक फॅटचे किलो गुणिले १५. ७ फॅटचं ८ किलो दूध असेल तर त्यात फॅट ५६० ग्रॅम. ८ × ०.४ = ३.२ आणि ०.५६ × १५ = ८.४. बेरीज ११.६. ८ लिटरच्या म्हशीवर साडेअकरा लिटरच्या गाईइतकं काम पडतं. पुढे दर किलोला ३२० ग्रॅम टीडीएन आणि ९० ग्रॅम प्रथिनं लावा.

भाकड गाईला चांगली वैरण आणि खनिज मिश्रण पुरतं. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत वासरू झपाट्याने वाढतं, तेव्हा दीड ते दोन किलो खुराक वाढवा. पण विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा करू नका. तेव्हा बाहेरून भरपूर मिळालं की हाडांतून चुना काढायची शरीराची सवय सुटते आणि व्याल्यावर दुग्धज्वर होतो, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. लसूण घासही त्या दिवसांत हात राखून.

कागदावरून गव्हाणीत

राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचं पशु पोषण नावाचं ॲप आहे. गाईचं वय, दूध, फॅट आणि तुमच्याकडची वैरण टाकली की ते सर्वांत कमी खर्चाची मांडणी काढून देतं. जरूर वापरा, पण आधी दोन-तीन गाईंचा हिशेब हाताने करा. नाहीतर ॲपने काय सांगितलं आणि का सांगितलं ते कळणार नाही.

मांडणी केल्यावर गाईकडे बघा. दुपारी गोठ्यात शांत जाऊन उभे राहा. बसलेल्या १० गाईंपैकी ६-७ रवंथ करत असतील तर वैरण जमली. शेण पोळीसारखं पडावं, मध्ये किंचित खोलगट. घट्ट गोळे पडत असतील तर प्रथिनं किंवा पाणी कमी. पातळ पडून त्यात दाणे दिसत असतील तर खुराक जास्त किंवा कुट्टी फार बारीक. सकाळी गव्हाणीत घातलेल्याच्या विसावा हिस्सा उरलेला दिसावा. काहीच उरलं नसेल तर गाय अर्धपोटी आहे.

आमच्या गोठ्यात प्रत्येक दावणीवर एक पाटी टांगली आहे, शाळेतल्या मुलांची असते तशी. तीवर खडूने गाईचं नाव, दूध, फॅट, आणि नेपिअर, कडबा, पेंड किती किलो एवढंच लिहिलेलं. धार काढायला कुणीही असो, पाटी बघून घालतो. दर १५ दिवसांनी दूध मोजून पाटी पुसायची आणि नवे आकडे लिहायचे. १६ लिटरवाली आता ११ वर आली असेल तर तिचा दीड-दोन किलो खुराक उतरवून नुकत्याच व्यालेलीच्या पाटीवर चढवायचा. माझी आधीची ६ लिटरवाली गाय पुढच्या वेताला १४ लिटरवर गेली, पेंडीचं बिल मात्र पूर्वीइतकंच राहिलं.